'सेट'ची अपुरी नोंद

शब्द हा मनुष्याला मिळालेला सर्वांत पवित्र ठेवा आहे. स्नेहलतागंजातल्या माळवा मराठी कोश मंडळाच्या भिंतीवर हे वाक्य ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. त्यावर एका बियाणे कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला 'शब्द हा मनुष्याला' एवढंच वाचता येई, आणि पुढे चार लालबुंद टोमॅटो दिसत. मंडळात काम करणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

काम करणारे दोनच होते. एक संपादक शरदचंद्रजी, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी आयुष्यात कुणालाही 'थँक्यू' म्हणण्याआधी त्याचं मूळ तपासलं होतं. दुसरी शिखा, वय अठ्ठावीस, भाषाशास्त्रात एम.ए., घरच्यांच्या भाषेत 'ती डिक्शनरी वगैरे काहीतरी करते.'

कोश इंग्रजी–मराठी होता आणि त्याचा नियम जगावेगळा होता. माळव्यातला मराठी माणूस इंग्रजी शब्द कसा वापरतो ते त्यात दाखवायचं होतं, म्हणून प्रत्येक अर्थापुढे एक वाक्य हवं, आणि ते कानांनी ऐकलेलं हवं. बोलणाऱ्याला आपलं कुणी ऐकतंय हे ठाऊक असता कामा नये. वाक्य पकडलं की मग त्याच्यापुढे उभं राहायचं, नाव विचारायचं, छापू का विचारायचं. मागून घेतलेलं वाक्य बाद. "मागितलेलं वाक्य म्हणजे फोटोसाठी केलेलं हसू," शरदचंद्रजी म्हणत. "दात दिसतात, माणूस दिसत नाही."

ह्या नियमाने कोश 'ए'पासून 'एस'पर्यंत यायला बरीच वर्षं गेली होती. आणि 'एस'मध्ये बसला होता 'सेट'.

बाकीची क्रियापदं बिचारी दोनचार अर्थांवर गुजराण करतात. 'सेट'नं एखाद्या जुन्या जमीनदारासारखी शिवारं अडवून ठेवलेली. दही सेट होतं, केस सेट होतात, अंगठीत खडा सेट करतात, मोडलेलं हाड सेट करतात, गजर सेट करतात, तारीख सेट करतात, सापळा सेट करतात. सूर्यसुद्धा, संध्याकाळचं काही काम नसलं की, सेट होतो. अर्ध्याहून जास्त अर्थांना वाक्यं नव्हती. दसऱ्याला 'एस' छापखान्यात जायचं होतं. तोवर 'सेट' पूर्ण झाला तर कोशाच्या पहिल्या पानावर सहसंपादक म्हणून शिखाचं नाव येणार होतं. नाही झाला तर उरलेला कोश पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे जाणार होता. ते घरबसल्या, कुणाचंही न ऐकता, वाक्यं रचून देत.

म्हणून सप्टेंबरातल्या त्या सकाळी शिखा बडा गणपतीजवळच्या पोह्यांच्या दुकानात, वाफेनं चष्मा धुकटलेल्या अवस्थेत, कान टवकारून उभी होती. पोह्यांवर जिरावन मसाला पडत होता, शेव पडत होती, लोक राजकारण बोलत होते. 'सेट' कुणीच म्हणत नव्हतं.

आणि मग तिच्या अगदी खांद्यामागून आवाज आला.

"पियुष, सुई परत सोडून बघ. तळापर्यंत जाते ना? मतलब सेट झालं नाही अजून. मी पोहे संपवून येतो, तोवर तू हात नको लावू त्याला."

शिखानं वळून पाहिलं. एक उंचसा मुलगा मानेत फोन अडकवून, दोन्ही हातांनी प्लेट सांभाळत होता. शर्टाच्या बाहीवर राखाडी धूळ. मिशीवर शेवेचा एक तुकडा, बराच वेळ मुक्कामाला आल्यासारखा.

"एक मिनिट," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही काय बोलला?"

त्यानं घास गिळला. "मी? मी... जिलबी मागितली."

"त्याच्या आधी. सुईचं."

"तुम्ही माझा फोन ऐकत होता?"

"हो."

"पूर्ण?"

"सुरुवातीचं 'हॅलो' सुटलं. बाकी सगळं आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. राग यायला हवा होता, पण राग यायच्या आधी माणसाला कुतूहल वाटलं की रागाची वेळ निघून जाते. शिखानं कोश, नियम, शब्द, सगळं सांगितलं. मग विचारलं, "नाव?"

"यशवर्धन."

तिनं मान वर केली. एवढं नाव पेलायला खाली घोडा लागतो. बाहेर त्याची स्कूटर उभी होती.

"खानदानी आहे हो," तो ओशाळून म्हणाला. "आमच्या संताजी आजोबांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. तलवार आहे अजून घरी."

"चालवता?"

"आत्या चालवते. नवरात्रात कोहळा कापते."

"आणि काम?"

"सिमेंट तपासतो. तुकोगंजात लॅब आहे. सिमेंट किती वेळात सेट होतं ते बघायचं, सुईनं."

"छापू?"

"छापा ना. पण एवढंच? अजून बोलू? आमच्याकडे दिवसभर सेटच चालतं. इनिशियल सेट, फायनल सेट, फॉल्स सेट..."

"नको," शिखा म्हणाली. "तुम्ही आता बाद."

"काय?"

"मी ऐकते हे तुम्हाला कळलं ना. आता तुम्ही कितीही वेळा म्हणा, चालत नाही."

"मतलब पोह्याच्या एका प्लेटमध्ये मी संपलो?"

"ह्या शब्दापुरते."

"आणि... पुढचे शब्द?"

"मिशीला शेव आहे," शिखा एवढंच म्हणाली आणि निघाली. रस्ता ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय, आणि ते हसू फोटोसाठी नाही.

*

अर्थ नीट कळल्याशिवाय लिहायचा नाही, असाही मंडळाचा एक नियम होता. निदान तुकोगंजात जाताना शिखानं स्वतःला तसं सांगितलं.

लॅब एका हाडांच्या डॉक्टरच्या दवाखान्याखाली, तळघरात होती. प्लास्टरवाले पेशंट चुकून खाली उतरत आणि यशवर्धन मान न उचलता म्हणे, "हाडवाले वर, सिमेंटवाले खाली." शिखा जिन्यात दिसली तेव्हाही तो तेच म्हणाला. मग मान उचलली आणि उभाच राहिला. स्टूल पडलं.

"शिखाजी! तुम्ही... या ना. पण मी तर बाद आहे."

"तुम्ही बाद. सिमेंट बाद नाही."

त्यानं तिला यंत्र दाखवलं. एक छोटी कडी, तिच्यात कालवलेलं सिमेंट, वर दांड्याला लावलेली सुई. सुई पृष्ठभागावर टेकवायची आणि हळूच सोडायची. सुरुवातीला ती लोण्यात जावी तशी खाली जाते. थोड्या वेळानं अडते. आणखी काही तासांनी वर नुसता ठिपका उठतो.

"ह्या मधल्या वेळात काय करता?" तिनं विचारलं.

"बघत बसतो."

मग दोघं बघत बसले. सुई सोडायची, उचलायची, पुसायची, पुन्हा सोडायची. दोन डोकी एका कडीवर वाकलेली. त्याच्या केसांना ओल्या मातीसारखा वास होता. शिखानं श्वास रोखून धरला होता.

"श्वास घेतला तरी चालतो," तो हळूच म्हणाला. "सिमेंट बुजत नाही."

शिखाचे कान तापले. तिनं चष्मा वर ढकलला.

"मला एक सांगा," तो सुईकडे बघतच म्हणाला. "हे सेट होतं म्हणजे घट्ट होतं. ठीक. पण सूर्य सेट होतो तेव्हा तो कुठे घट्ट होतो? आणि घड्याळाचा गजर? ह्या सगळ्यांचं एकमेकांत नातं काय?"

हा प्रश्न शिखाला आजवर कुणी विचारला नव्हता. तिला बघायला आलेल्या दोन स्थळांनी तिला 'पॅकेज किती' विचारलं होतं. ती भराभरा बोलू लागली.

"नातं आहे. इंग्रजांचं 'सिट' म्हणजे बसणं. 'सेट' म्हणजे मुळात त्याला बसवणं. बस्स. खडा बसवा, हाड बसवा, तारीख ठरवून एका जागी बसवा. जे बसलं ते हलत नाही, म्हणून दही, म्हणून तुमचं सिमेंट. सूर्य काय करतो? दिवसभर हिंडून बसतो."

"अरे! मतलब आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, तसंच?"

"तसंच. आणि ऐका, त्यांच्या त्या धातूची बहीण आपल्याकडे आहे. संस्कृतात सद्. संसद त्यातूनच, सभासद त्यातूनच."

यशवर्धननं सुई सोडायची विसरून तिच्याकडे पाहिलं. "संसद आणि दही एकाच घराण्यातले?"

"लांबून."

"दही जास्त लवकर काम करतं," तो म्हणाला.

वेळ टळून गेली होती. ते सिमेंट पुन्हा पहिल्यापासून कालवावं लागलं. पियुष, जो त्याचा भागीदार आणि चुलतभाऊ होता, कोपऱ्यातून फक्त एवढंच म्हणाला, "भिया, आज रीडिंग कुठे आहे?"

जाताना यशवर्धन जिन्यापर्यंत आला. "शिखाजी, मी बाद आहे, पण मला हे शहर माहीत आहे. कोण कुठे काय म्हणतं, सगळं. मी तुम्हाला फिरवतो. मी गप्प राहीन, तुम्ही ऐका. चालेल?"

नियमात ह्याला कुठे बंदी नव्हती. शिखानं मनातल्या मनात नियम दोनदा वाचले.

*

आणि शहराला कंठ फुटला.

महिनोन्‌महिने सलूनच्या दाराशी ताटकळूनही ज्या शिखाला एक वाक्य मिळालं नव्हतं, तिला यशवर्धनच्या स्कूटरवरून उतरताक्षणी वाक्यं मिळू लागली. सराफ्यात सोनार शून्यात बघत म्हणाला, "ह्या अंगठीत पुखराज सेट केला की काम झालं." सलूनवाला आरशाला उद्देशून म्हणाला, "लग्नाच्या केसांना सेट करायला वेळ लागतो, साहेब." समोरचं गिऱ्हाईक टकलं होतं. दहीवाला तर दही सेट झाल्याचं दुकानाबाहेर येऊन म्हणाला. वर हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मनगट सेट केलंय, आता हलवू नका." शिखा नाव विचारी, परवानगी विचारी, सगळे आनंदानं 'हओ' म्हणत. एवढे आनंदानं की तिला वाटे, इंदूरचे लोक खरंच किती गोड.

माणूस प्रेमात पडायला लागला की त्याची परीक्षणशक्ती आधी सुट्टीवर जाते. भाषाशास्त्रातल्या एम.ए.लाही ती सुट्टी मिळते.

एकदा राजवाड्यापाशी पावसानं गाठलं. नवरात्र तोंडावर असताना येऊ नये असा पाऊस, घरी जायला निघालेल्या पाहुण्यानं दारात पुन्हा गप्पा सुरू कराव्या तसा. दोघं एका शिकंजीच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिले. पत्र्यावर तडतड, रस्त्यावर ओल्या धुळीचा वास, आणि उभं राहायला जागा इतकी कमी की कुणाचा हात कुणाच्या हाताला लागतोय ह्याचा हिशेब दोघांनीही ठेवला नाही.

"आणि डिनर सेट?" त्यानं विचारलं. "तिथे कोण कुणाला बसवतो?"

"कुणीच नाही. तो सेट वेगळा. दुसऱ्याच घरातला. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत. मूळ अर्थ, मागोमाग जाणारे. पंथ, अनुयायी. पुढे दोन्ही शब्द एकाच नावानं राहायला लागले, आणि आता कोण कुठला कुणाला सांगता येत नाही."

"मतलब एक बसवणारा, एक मागे मागे जाणारा."

"हं."

"मी दुसऱ्यातला आहे," तो पावसाकडे बघत म्हणाला.

शिखाच्या चष्म्यावर थेंब होते, त्यामुळे तो नेमका कसा दिसत होता ते तिला कळलं नाही. त्यानं तिचा चष्मा हळूच काढला, खिशातल्या रुमालानं पुसला आणि परत दिला. रुमालात सिमेंट होतं. डाव्या काचेवर बारीक ओरखडा उठला. ती रागावली नाही, ह्याचं दोघांनाही आश्चर्य वाटलं.

मंडळात शरदचंद्रजी वाक्यं मोठ्यानं वाचत आणि टेबलावर थाप मारत. "वा! काय बोलतात लोक! पुखराज सेट केला की काम झालं! शिखा, तू कान नाही, मधमाशीचं पोळं आहेस." त्यांनी छापखान्याला सांगून पहिल्या पानावर तिच्या नावाची जागासुद्धा धरून ठेवली.

*

घटस्थापनेच्या दिवशी यशवर्धन म्हणाला, "आज आत्याकडे जाऊ. प्रसाद आहे. तिथे... बघा, मिळालं तर मिळेल काही."

प्रेमलता आत्या बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत राहत. मोठं कुंकू, इरकली साडी, आणि आज चेहऱ्यावर असा भाव, जसा पहिल्यांदा रंगमंचावर ढकललेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असतो. शिखा घटाला नमस्कार करून पाटावर टेकली तोच आत्या भिंतीकडे तोंड करून, खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"अग बाई! मी आत्ताच जेवणासाठी टेबल सेट केलं!"

शिखाचा हात सवयीनं पेनाकडे गेला. मग थांबला.

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एक दिवाण, एक घट, एक तलवार, भिंतीशी उभे केलेले पाट. ती स्वयंपाकघरात डोकावून आली.

"आत्या," तिनं विचारलं, "टेबल कुठे आहे?"

आत्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा छताकडे बघत होता.

"ते यशनी नाही सांगितलं," आत्या म्हणाल्या. मग काळजीनं, "परत म्हणू का ग? तुझं लिहून झालं नसेल तर?"

बाहेर गल्लीत, स्कूटरपाशी, शिखानं पेन पिशवीत टाकलं. मग शांतपणे विचारलं, "कोण कोण?"

"सगळे नाही हो. डॉक्टर खरे आहेत, सच्ची."

"सोनार?"

"माझ्या वर्गात होता."

"सलून?"

"तिथे मी केस कापतो."

"दहीवाला?"

"त्याला फार समजवावं लागलं. तो बाहेर येऊन बोलेल असं ठरलं नव्हतं."

"का?" तिचा आवाज चिरकला. "का केलंत?"

"तुमचं नाव येणार होतं ना... वाक्यं मिळाली नाही तर काम जाईल म्हणालात. मला वाटलं, थोडी मदत... मतलब आणि..." तो थांबला.

"आणि काय?"

त्यानं चावीशी चाळा केला. "काही नाही."

"तुम्ही गावभर नाटक बसवलंत," शिखा म्हणाली, "आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मला काय वाटत होतं माहीत आहे? मला वाटत होतं, तुम्ही सोबत असलात की मला नीट ऐकू येतं."

ती चालत निघाली. तो मागे मागे आला नाही. एकदा तरी यायला हवं होतं, असं तिला कोपऱ्यापर्यंत वाटत राहिलं.

*

खरं सांगायचं तर कुणाला कळलं नसतं. दही सेट होतं हे खोटं थोडंच आहे? सोनार खडा बसवतोच. शिखानं चार दिवस स्वतःला हे वेगवेगळ्या शब्दांत समजावलं, आणि कुठलेच शब्द पटले नाहीत. पाचव्या दिवशी ती शरदचंद्रजींसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ टोमॅटोंकडे पाहिलं.

"टेबल नव्हतंच?"

"नव्हतं."

"खाली बसून जेवतात?"

"हो."

"गुडघ्यांना चांगलं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "काढून टाक सगळी. ज्या अर्थाला वाक्य नाही त्याच्यापुढे लिही, 'वाक्य मिळालेलं नाही.' दसऱ्याला तसंच जाईल."

"आणि... पुण्याचे प्राध्यापक?"

"रचलेली वाक्यंच घ्यायची तर हीच काय वाईट होती?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण अपुऱ्या नोंदीवर सहसंपादक म्हणून तुझं नाव मला घालता येणार नाही, शिखा. समजतंय ना?"

तिला समजत होतं.

"ते पोह्यांचं वाक्य खरं आहे," ती म्हणाली. "ते मी त्याला ओळखत नव्हते तेव्हाचं."

"असेल. पण माणूस एकदा खोटा निघाला की त्याचं जुनं वाक्यही तपासतात. त्या सकाळी लॅबमध्ये खरोखर सिमेंट तपासायला लावलेलं होतं का, विचारून ये."

*

म्हणून अष्टमीच्या दुपारी शिखा पुन्हा तुकोगंजातल्या त्या जिन्यावर आली, आणि मधल्याच पायरीवर थबकली. खाली कुणी बाई तावातावानं बोलत होती.

"अरे, उपासाचं खायला घेऊन आले तरी तुझं तोंड एवढंसं! आणि हिला काय म्हणून नाही म्हणतोस? मुलगी बँकेत आहे. निधी नाव. फोटो बघ तरी."

"आई, नको."

"आपल्या घराण्यात मुलानं आईला 'नको' म्हणायची पद्धत नाही."

"आपल्या घराण्यात तलवारीनं कोहळा कापतात, इंदिराबाई," आईला नावानं हाक मारणारा यशवर्धनचा आवाज थकलेला होता. "मला दुसरी मुलगी पसंद आहे."

एक डबा आपटल्याचा आवाज आला. "कोण?"

"ती... कोशवाली."

"जिच्यासाठी प्रेमलतेनं टेबल सेट केलं ती?"

"तीच."

"मग सांग की तिला! गप्प काय बसलास?"

"कसं सांगू?" शिखानं कठड्यावरून वाकून पाहिलं; तो डब्याकडे बघत होता. "तेव्हा सांगणार होतो, गल्लीत. तोंडावर आलं होतं. पण तिला वाटलं असतं, हेही मी कुठून तरी जुळवून आणलं. आता मी काही पण बोललो ना आई... तिच्यासाठी माझा शब्द बाद आहे. आणि ती बरोबर आहे. एवढं बरोबर माणूस मी पाहिलं नाही. ती ऐकते ना, मतलब असं ऐकते... आपण पहिल्यांदाच बोलतोय असं वाटतं."

"अरे माझ्या राजा," आई एकदम मऊ झाली. "मग मी जाऊन बोलू?"

"आत्याला पाठवून काय झालं बघितलंस ना!"

सिमेंटची धूळ फार बारीक असते. शिखाला शिंक आली.

दोघांनी वर पाहिलं. यशवर्धनचा चेहरा त्याच्या बाहीसारखा राखाडी झाला. शिखा उरलेल्या पायऱ्या उतरली, कारण ऐकल्यावर समोर उभं राहायचं एवढं तिला आयुष्यात नक्की येत होतं.

"मी मघापासून जिन्यात आहे," ती म्हणाली. "फोटो बघ म्हणालात तिथपासून सगळं ऐकलं. मला सवय आहे त्याची."

इंदिराबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "चांगली सवय आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकतच नाही." आणि डबा तिच्या हातात देऊन, गुडघ्यावर हात टेकत, त्या जिना चढून गेल्या. वरून त्यांचा आवाज आला, "डॉक्टर आहेत का हो? आलेच आहे तर गुडघा दाखवते."

तळघरात दोघंच उरले. पियुष कोपऱ्यातून कधीच कुठेतरी विरघळला होता.

"हे मी... हे सांगून ठेवलेलं नव्हतं," यशवर्धन म्हणाला. "आईशपथ. आईला विचारा. मतलब नका विचारू..."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुमची माणसं सांगून बोलतात तेव्हा भिंतीकडे बघून बोलतात. तुम्ही डब्याकडे बघून बोलत होता."

तो हसला नाही. "तुमचं नाव गेलं ना? पहिल्या पानावरचं?"

"गेलं."

"माझ्यामुळे."

"हो." तिनं डबा टेबलावर ठेवला. साबुदाण्याचा, शेंगदाण्याचा वास. तिला अचानक खूप भूक लागली, आठवडाभराची. "ती वाक्यं खोडताना मला त्रास झाला," ती म्हणाली. "वाक्यांचा नाही झाला. प्रत्येक वाक्यापाशी... तुम्ही सोबत उभे होता. सोनाराच्या पुखराजाला मी बघितलंच नव्हतं. तुमच्याकडेच बघत होते."

"शिखाजी..."

"'जी' नको."

"शिखा." तो त्या एका शब्दाशी एवढा वेळ थांबला की ती वाट बघत राहिली. "परत एकदा... स्कूटरवरून फिरू? वाक्य नको, काही नको. नुसतं."

"मी येईन," ती म्हणाली. "पण बोलायचं तुम्ही. घाबरायचं नाही. मी वाक्यं मोजणार नाही."

तिनं हात पुढे केला. त्याच्या हाताला खरखरीत धूळ होती. पोह्यांच्या सकाळी सिमेंट खरोखर लावलेलं होतं का, हे विचारायचं तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. होतं.

*

लग्न माघात झालं. शरदचंद्रजी आले, त्यांनी वधूवरांना आशीर्वाद देण्याआधी 'मंगलाष्टक'ची व्युत्पत्ती सांगितली, आणि भटजी थांबून राहिले.

कोश पुढच्या वर्षी निघाला. शिखाचं नाव शेवटच्या पानावर, आभारांत, बाइंडरच्या नावाखाली आहे. 'सेट'ची नोंद आहे तशीच छापली गेली. तिच्यातल्या निम्म्याहून अधिक अर्थांपुढे 'वाक्य मिळालेलं नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आजवर एकाही वाचकानं त्याबद्दल काही विचारलेलं नाही.